समुद्र उजव्या हाताला

चि. सोनीस,
अनेक आशीर्वाद.

काल रात्री सुखरूप घरी पोचलो. फोनवर तू प्रवास कसा झाला म्हणून विचारलंस आणि मी "छान झाला" म्हणून मोकळी झाले. तेव्हापासून मनाला रुखरुख लागली आहे, म्हणून सकाळीच लिहायला बसले.

गुहागरच्या व्याडेश्वराला आपण दरवर्षी कुंभार्ली घाट उतरून चिपळूणवरून जातो. सकाळी पुण्याहून निघालं की दुपारच्या जेवणाला गुहागर. या वेळी बाबा म्हणाले, निवृत्त झालोय, आता घाई कुणाला आहे? मग ताम्हिणी उतरून, माणगाव-म्हसळा करत श्रीवर्धन गाठलं आणि तिथून समुद्र उजव्या हाताला धरून खाली निघालो. गुहागरला पोचायला चार दिवस लागले.

श्रीवर्धनात एका अरुंद गल्लीत समोरून टेम्पो आला. बाबा गाडी मागे घेत होते, ती एका वाडीच्या गडग्याला घासली आणि वरचे दोन-तीन दगड खाली आले. आतून एक आजोबा बाहेर आले. आता बोलणी खावी लागणार असं मला वाटलं. ते म्हणाले, "गडगा काय, परत रचता येतो. गाडीला काय झालं ते बघा." मग "कुठचे तुम्ही?" झालं आणि पाच मिनिटांत आम्ही त्यांच्या पडवीत बसलो होतो, हातात कोकम सरबताचे पेले.

घरामागे त्यांची वाडी. तू सहावीत असताना आपण तिथल्या वाड्या पाहिल्या होत्या, आठवतं? भर दुपारी ऊन जमिनीला लागत नव्हतं आणि तू पाटाच्या पाण्यात पाय सोडून बसली होतीस. आता तिथे मान वर केली की आभाळ दिसतं. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ याच किनाऱ्यावर आदळलं. आजोबा सांगत होते, सगळे मधल्या खोलीत दार दाबून बसलो होतो. बाहेर पोफळी मोडत होत्या. पहिल्यांदा आवाज मोजले, मग मोजायचं सोडून दिलं. वारा पडल्यावर दार उघडलं, तर पाऊल टाकायला जागा नव्हती. आज्याने लावलेली झाडं एकमेकांवर आडवी पडलेली. त्यात लॉकडाऊन, झाडं उचलायला माणसं मिळेनात, कितीतरी दिवस वीज नाही.

पोफळ धरायला सहा-सात वर्षं लागतात. आजोबा तेव्हा बहात्तर वर्षांचे होते. मुलगा मुंबईहून म्हणाला, वाडी विकून टाका आणि इकडे या. त्यांनी पुढच्या पावसाळ्यात नवी रोपं लावली. "विकून मग सकाळी उठून जायचं कुठे?" एवढंच म्हणाले आणि आम्हाला एका झाडापाशी घेऊन गेले. बाबांच्या उंचीहून थोडं मोठं झाड. त्याची विरी, म्हणजे झावळीच्या बुडाची खोळ, नुकतीच गळून खाली पडली होती आणि तिच्या जागी पहिली पोय, म्हणजे फुलोरा, फुटली होती, फिकट पिवळी. आजोबांनी तिला हात लावला नाही. नुसता तळव्याचा आडोसा धरला, जसा आपण निरांजनाला धरतो.

निघताना वादळातून वाचलेल्या जुन्या झाडांच्या सात रोठा सुपाऱ्या त्यांनी माझ्या ओंजळीत घातल्या. मी पैशांचा विषय काढला नाही, ते बरं केलं.

पुढे बागमांडल्याला गाडी जंगलजेटीवर, म्हणजे गाड्या नेणाऱ्या बोटीवर, चढवून सावित्रीची खाडी ओलांडली. वेळासला पहाटे उठून कासवांची पिल्लं समुद्रात सोडताना पाहिली. 2002 मध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांना बरोबर घेऊन ही घरटी राखायला सुरुवात केली. माझ्या शेजारचा शाळकरी मुलगा एकेक पिल्लू पाण्याला टेकलं की हळूच म्हणायचा, "गेला." अकरा वेळा म्हणाला. हर्णैला संध्याकाळचा माशांचा लिलाव बघायला मी मागे उभी होते, तर एका कोळिणीने हाताला धरून मला पुढे आणलं. "तिथून काय दिसतंय तुला?" बोली इतक्या भरभर चढत होती की मला आकडे कळेनात, दर वेळी तीच माझ्या कानात सांगत होती. मागे समुद्रात सुवर्णदुर्ग काळा पडत चालला होता.

चौथ्या दिवशी दाभोळहून बोटीने खाडी ओलांडून धोपाव्याला उतरलो आणि थोडं पुढे रस्ता अडला. शिमग्याची पालखी चालली होती, ढोल-ताशे, मुंबईहून आलेले चाकरमानी, कुणाचं गाड्यांकडे लक्ष नव्हतं. आम्ही खाली उतरलो. एक म्हातारी माझ्याजवळ येऊन म्हणाली, "ओटी भरायची नाय?" माझ्याकडे खण नाही, नारळ नाही, मी ओशाळले. तिने आपल्या ताटातला नारळ आणि मूठभर तांदूळ माझ्या हातात दिले. "नारळ माझा, हात तुमचे. भरा." मला एकदम आजोबांच्या सुपाऱ्या आठवल्या. पर्समधून दोन काढल्या आणि त्या नारळाबरोबर ओटीत घातल्या. म्हातारीने एक उचलून बघितली, म्हणाली, "श्रीवर्धनची ना ही?" तोवर बाबा पालखीला खांदा देऊन मोकळे झाले होते. गुडघ्याचं काय, म्हणून विचारलं, तर ऐकूच आलं नाही त्यांना.

दोन सुपाऱ्या व्याडेश्वराच्या विड्यावर ठेवल्या. तीन उरल्यात, त्या देवघरात आहेत.

आजोबांनी माझा नंबर लिहून घेतलाय. नव्या झाडांची पहिली सुपारी उतरवतील तेव्हा कळवणार आहेत. त्या सुमाराला रजा मिळते का बघ. आणि बाबांना गडगा रचायला जायचंच आहे, त्यांचं ठरलंय.

तुझी,
आई