गाडी सेडूनात उभी आहे तोवर

चिपळूण, श्रावण

चि. ताईस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पर्थला जाताना तुमचं मोटरहोम, ते चाकांवरचं घर, दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या सेडूना गावात बंद पडलं, तो कालचा तुझा फोन नीट ऐकला, आज सकाळी आलेले फोटोही पाहिले. फोनवर तू, जावई आणि छोटू तिघंही एकदम बोलत होतात, आणि गाडी बंद पडलेल्या माणसाच्या डोक्यात फोनवरचं अर्धंच शिरतं. म्हणून लिहून पाठवतोय. सावकाश वाच, जावईबापूंनाही वाचून दाखव.

आधी तुझ्या प्रश्नाचं उत्तर. कॅरॅव्हॅन पार्कातले शेजारी म्हणाले ना, की गळती बंद करणारी बाटली रेडिएटरमध्ये ओता, पाण्याचे कॅन भरून घ्या आणि थांबत थांबत पर्थ गाठा? तसं अजिबात करू नका. त्यांच्या मनात तुमचं भलंच आहे, पण हा सल्ला तुमच्या गाडीला लागू नाही. ते औषध रेडिएटरच्या सुईएवढ्या भोकाला कधीमधी चालतं. तुमची गळती वॉटर पंपाच्या सीलमधून आहे, आणि तिथे आत शाफ्ट फिरत असतो. फिरत्या जागेला बुजवून काही होत नाही. उलट ते औषध रेडिएटरच्या आणि हीटरच्या बारीक नळ्यांत जाऊन बसतं आणि एका कामाची दोन कामं होतात.

तुझा तिसरा फोटो मी मोठा करून पाहिला. बेल्टचं कव्हर काढल्यावर पंपाच्या पोटाशी एक बारीक भोक दिसतं, त्याच्याखाली गुलाबी पापुद्रा वाळून बसलाय. ते भोक मुद्दाम ठेवलेलं असतं. सील गेलं की कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, बेअरिंगमध्ये न शिरता तिथून बाहेर पडावं आणि बघणाऱ्याला कळावं, म्हणून. पापुद्रा चांगला जाड आहे, म्हणजे गळती कालपरवाची नाही. असा पंप पुढे कधी जाम होईल ते कुणालाच सांगता येत नाही. मेकॅनिकने तुला सांगितलं, की या इंजिनात पंप टायमिंग बेल्टवरच फिरतो, म्हणजे व्हॉल्व्ह आणि पिस्टनचा मेळ राखणाऱ्या पट्ट्यावर. मग पंप अडकला की बेल्ट जाणार, बेल्ट गेला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटणार, आणि मग तुम्ही पंपाची नाही, इंजिनाची वाट बघत बसाल.

आणि ते होणार कुठे? सेडूनापासून पश्चिमेकडच्या नॉर्समन गावापर्यंत सुमारे १,२०० किलोमीटर. मध्ये आहेत ती बहुतेक रोडहाउसं, म्हणजे इंधन, जेवण आणि मुक्कामाचे रस्त्यावरचे थांबे. त्यातल्या बॅलाडोनिया ते केगूना हा एकच टप्पा १८२ किलोमीटरचा, त्यातला १४६.६ किलोमीटर रस्ता एका वळणाशिवाय सरळ. मोबाइलला रेंज मिळालीच तर रोडहाउसच्या आसपास. तुमच्या मोटरहोमचं वजन आणि उंची साध्या टो गाडीला पेलत नाही, मोठी मागवावी लागते आणि ती शेकडो किलोमीटरवरून येते. तुमच्या रस्त्यावरच्या मदतीच्या पॉलिसीत वजनाची आणि टोइंगच्या अंतराची मर्यादा किती आहे, ते आजच उघडून वाचा. म्हणूनच मी आईला म्हटलं, पोरं सेडूनात अडकली हे नशीब.

तापमानाचा काटा चढताना दिसल्याबरोबर तू गाडी कडेला घेतलीस, इंजिन बंद केलंस आणि गरम रेडिएटरच्या झाकणाला हात लावला नाहीस, याचा मला फार अभिमान वाटला. ॲल्युमिनियमचं हेड फार उष्णता सोसत नाही, लगेच वाकतं. पुढच्या गावापर्यंत जाऊ म्हणाली असतीस, तर आजचं पत्र वेगळं असतं.

आता उशिराबद्दल. तू म्हणालीस, एवढ्याशा पंपाला इतके दिवस कसे लागतात. लागतात. गाडीचा सांगाडा युरोपातला, त्यावरचं घर ऑस्ट्रेलियात कुणीतरी बांधलेलं. असे पार्ट गावातल्या गॅरेजात ठेवलेले नसतात. ॲडलेडच तिथून ७८० किलोमीटरवर आहे. तिथे नसेल तर मेलबर्न किंवा सिडनीच्या गोदामात शोधायचं, तिथेही नसेल तर समुद्रापलीकडून. मध्ये शनिवार-रविवार आला की गाडा थांबला. शिवाय त्या मेकॅनिकच्या दारात गव्हाच्या शेतकऱ्यांच्या गाड्या आधीपासून रांगेत आहेत. तुम्ही निघून जाणार, ते त्याच्या गावचे आहेत. त्याने तुम्हाला मध्ये घुसवलं नाही म्हणून रागावू नका, कारण तुमचं काम सुरू झाल्यावर तो दुसऱ्या कुणालाही असाच मध्ये घुसवणार नाही.

पण उशिराचं एक कारण असं आहे, की ते टाळणं तुमच्या हातात आहे, आणि माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त दिवस तेच खातं. पार्ट येतो, गाडी उघडली जाते आणि मग लक्षात येतं, की गॅस्केट मागवायचं राहिलं. पाच रुपयांच्या ओ-रिंगसाठी गाडी परत आठवडाभर ठोकळ्यावर. चिपळूणला आम्ही मुंबईहून एसटीच्या पार्सलने सामान मागवायचो, तेव्हाही हेच व्हायचं. म्हणून मेकॅनिककडे जाऊन गोडीत विचार, की पंपाबरोबर काय काय येतंय. पंप, त्याचं गॅस्केट, टायमिंग बेल्ट, बेल्ट ताणून धरणारा टेन्शनर, त्याला वळवणारा आयडलर, थर्मोस्टॅट, एकदाच वापरायचे बोल्ट असतील तर ते, आणि त्या इंजिनाला चालणारं कूलंट, पूर्ण भरेल एवढं. बेल्ट चांगला दिसतोय असं कुणी म्हणालं तरी नवीनच घाला. तो काढावा लागणारच आहे, मजुरी एकदाच पडते. ऑर्डर गाडीच्या व्हीआयएन नंबरवरून, म्हणजे तिच्या ओळख क्रमांकावरून, गेली का हेही बघ. ती सतरा अक्षरं-आकडे असतात, आणि एकाच मॉडेलच्या दोन वर्षांच्या गाड्यांत पंपाची भोकं वेगळी निघतात. नवा पंप आला की जुन्याशेजारी ठेवून बघायला सांगा, बसवायच्या आधी. अंदाजपत्रक लेखी घ्या. यातलं काही विचारलं म्हणून चांगला मेकॅनिक रागावत नाही. मी तरी कधी रागावलो नाही.

विचारायचं कसं, तेही सांगतो. एका जुलैत केरळातला एक ट्रक आपल्या गॅरेजसमोर बराच काळ उभा होता. गिअरबॉक्सचं काम होतं, घाटात दरड पडलेली, सामान येत नव्हतं. तू तेव्हा शाळेत होतीस, आठवत असेल. त्या ड्रायव्हरने ट्रकच्या बाजूला ताडपत्री बांधली, खाली विटा मांडून स्टोव्ह ठेवला, आणि क्लीनर रोज बाजारातून मासळी आणून भात-कालवण करायचा. तो ड्रायव्हर सकाळी एकदाच यायचा. नऊ वाजता. आज काय होणार, असं विचारायचा, उत्तर ऐकायचा आणि जायचा. दुपारी मी ट्रकखाली असलो की न सांगता टॉर्च धरून बसायचा. त्याच दिवसांत दुसऱ्या एका गाडीचा मालक दर अर्ध्या तासाने फोन करायचा. ताई, हात माणसाचे असतात. कुणाची गाडी मी जास्त मनापासून जोडली असेल, ते तुला कळतंच.

त्या ड्रायव्हरने आणखी एक केलं. थांबलेल्या दिवसांत त्याने ट्रकचा प्रत्येक ग्रीस निपल भरला, चाकांचे नट तपासले, माल सोडून परत बांधला, केबिनमधली वायरिंग सरळ करून घेतली. तुम्हीही तसंच करा. टायरच्या बाजूवर चार आकडी तारीख असते, पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३१९ असेल तर २०१९ सालचा तेविसावा आठवडा. मोटरहोम बराच काळ उभं असतं, त्यामुळे टायरची नक्षी शाबूत दिसते पण रबर म्हातारं झालेलं असतं. सहासात वर्षांपुढचा असेल, बाजूला बारीक चिरा असतील, तर तोही सेडूनातच बदला. स्टेपनीची हवा बघा, ती कुणीच बघत नाही. गाडी कधी वजनकाट्यावर घातली नसेल, तर पाणी आणि सामान भरून एकदा घाला. घराच्या हौसेने वजन कसं वाढतं ते कळत नाही.

गाडी गॅरेजच्या आवारात गेली की तुम्हाला आत झोपू देणार नाहीत, तो त्यांच्या विम्याचा प्रश्न असतो. पासपोर्ट, औषधं, छोटूचे स्वेटर, चार्जर आधीच काढून घ्या आणि पार्कात केबिन घ्या. पैसे जातील, जाऊ देत. गॅसचा कॉक बंद करा. आवारात गाडी तिरकी उभी करणार असतील तर फ्रिज रिकामा करून बंदच ठेवा, गॅसवर चालणाऱ्या फ्रिजला तिरकं चालवलेलं सोसत नाही. घरातल्या बॅटऱ्या साध्या लेड ॲसिडच्या असतील तर निम्म्याखाली उतरू देऊ नका. आवारात विजेची जोडणी देता का, एवढंच विचारा.

आता गणपतीचं. मला ठाऊक आहे, सगळी घाई त्याची आहे. पर्थला मैत्रिणीकडे गणपती, आरतीला मंडळातले सगळे येणार, छोटूने तबला न्यायचा ठरवलंय. ताई, नाही पोहोचलात तर सेडूनात सुपारीचा गणपती मांडा. पाटावर मूठभर तांदूळ, त्यावर सुपारी, झालं. घरात अडचण होती त्या वर्षी माझ्या आईने तेच केलं होतं आणि आरती काही कमी जोरात झाली नव्हती. मैत्रिणीला आजच फोन करून सांगून टाक, की आमचं धरू नका. तारीख डोक्यावरून उतरली की गॅरेजवाल्याशी बोलताना तुझा आवाजही खाली येईल.

जावयांचं मला जास्त वाटतं. काल ते फोनवर फार गप्प होते. गाडी घेऊया हा हट्ट त्यांचा, लाँग सर्व्हिस लीव्ह, म्हणजे बऱ्याच वर्षांच्या नोकरीनंतर मिळणारी लांब भरपगारी रजा, खर्ची टाकली तीही त्यांनी, त्यामुळे हा बिघाड ते स्वतःवर घेत असणार. त्यांना रोज ‘आता काय करायचं’ असं विचारू नकोस. पार्टचा पाठपुरावा त्यांच्याकडे दे, पैशांचा हिशेब तुझ्याकडे ठेव, आणि दिवसातले दोन तास गाडीचा विषय काढायचा नाही असं ठरवा. भाड्याने छोटी गाडी मिळाली तर स्ट्रीकी बेकडे जाऊन या, त्याच्या पलीकडे ग्रॅनाइटचे ते प्रचंड खडक आहेत. सेडूनाच्या खाडीतली कालवं मोठी नावाजलेली, आणि कोकणातल्या मुलीने ती खाल्ल्याशिवाय तिथून निघू नये. व्हेल चुकतील याची काळजी करू नका, पुढे वाटेवर हेड ऑफ बाइटच्या किनाऱ्याला ते ऑक्टोबरपर्यंत असतात.

गाडी तयार झाली, की त्याच दिवशी पश्चिमेला निघू नका. मेकॅनिकसमोर कूलिंगची प्रेशर टेस्ट करून घ्या. मग पेनाँगपर्यंत जा, सत्तरेक किलोमीटर आहे, छोटूला तिथल्या पवनचक्क्या दाखवा, आणि परत सेडूनात या. रात्रभर गाडी थंड होऊ द्या. सकाळी खाली पुठ्ठा टाकून बघा, थेंब पडलाय का. कूलंटची पातळी, ऑइलच्या काडीवर दुधाळपणा, सुरू करताना पांढरा धूर, एवढं बघा. पातळी उतरली असेल तर परत गॅरेज. नसेल तर मग निघा.

आणि निघाल्यावर बुडालेले दिवस भरून काढायला जाऊ नका. मला खरी भीती त्याची आहे. उशीर झालेली माणसं संध्याकाळनंतरही गाडी चालवत राहतात, आणि त्या रस्त्यावर संध्याकाळ ते पहाट कांगारू, वॉम्बॅट, उंटसुद्धा मध्ये येतात. सूर्य कलला की रोडहाउसला गाडी लावायची. यूएचएफ रेडिओ चॅनल ४० वर ठेवा, ट्रकवाले त्यावरच बोलतात. पिण्याचं पाणी वेगळ्या कॅनमध्ये जादा घ्या, टाकीतलं धरू नका. कोथिंबीर, मिरच्या, कढीपत्ता, फळं आणि मध सीमेआधी संपवा. पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या नाक्यावर ते सगळं काढून घेतात, म्हणून थांबलेल्या दिवसांत भाजीचा साठा करू नका.

आई विचारतेय, रात्री तिथे थंडी किती आहे आणि छोटू कानटोपी घालतो का. तिला तू स्वतः फोन कर, माझ्याकडून निरोप तिला पुरत नाही.

तुझा,
बाबा

ता. क. : जुना पंप टाकून देऊ नकोस, मेकॅनिककडून मागून घे आणि शाफ्ट हाताने हलवून त्याचा व्हिडिओ मला पाठव. शाफ्ट डुगडुगत असेल तर बेल्टच्या कडेवरही एका बाजूने झीज असणार, आणि मग टेन्शनरचा बोल्ट ज्या जागी बसतो तीही नीट बघायला सांग.