फिलू, बाईंसाठी एक कागद हवाय

ठाणे,
9 नोव्हेंबर

प्रिय फिलू,

सप्रेम नमस्कार. माझे गुडघे आहेत तसेच, ह्यांची साखर ताब्यात. बाकी ठीक. आता मुद्द्याचं लिहिते. आपलं देऊळ, वाडीतलं चर्च, बंद झालं.

फोन केला असता, पण तू रडली असतीस, मग मी रडले असते आणि कामाचं बोलणं राहून गेलं असतं.

शाळा तर जूनमध्ये उघडलीच नाही. पट घसरत गेला, संच मान्यतेत पदं गेली, उरलेल्या दोघी शिक्षिकांचं दुसरीकडे समायोजन झालं. वागळे इस्टेटमधले कारखाने बंद पडले तेव्हाच निम्मी वाडी वसईला नाहीतर परदेशी गेली होती. जे राहिले त्यांची नातवंडं इंग्रजी शाळेत. तरी मला वाटायचं, देऊळ राहील. मग एका रविवारी मिस्सेनंतर फादरांनी आर्चबिशपांचं पत्र वाचून दाखवलं. आपला धर्मग्राम, म्हणजे पॅरिश, शेजारच्या धर्मग्रामात विलीन. हे फक्त बिशपच ठरवू शकतात आणि तेही आधी धर्मगुरूंच्या मंडळाचं मत घेऊन, असं फादरांनी नीट समजावलं. बाप्तिस्म्याच्या, लग्नाच्या, मरणाच्या वह्या टेम्पोतून तिकडे गेल्या. नियमानं झालं असेल सगळं. पण फिलू, तुझ्या आईचं, आपल्या बाईंचं काय?

तू टोरांटोला गेल्यापासून 2 नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणाच्या दिवशी, बाईंच्या निशपाशी, त्यांच्या अस्थी ठेवलेल्या भिंतीतल्या कोनाड्यापाशी, मेणबत्ती मीच लावते, हे तुला माहीत आहे. या वर्षी गेले तर फाटकाला कुलूप. आतली शेवंती वाळलेली दिसत होती. वॉचमन बिचारा भला माणूस, पण किल्ली त्याच्याकडे नव्हती. मेणबत्ती फाटकाबाहेरच लावली, वाऱ्यानं दोनदा विझली. दुसऱ्या दिवशी नव्या धर्मग्रामाच्या ऑफिसात गेले. तिथल्या बाईंनी वही काढली, नाव शोधलं आणि सांगितलं की सगळ्या निशमधल्या अस्थी इकडच्या भिंतीत हलवणार आहेत. जवळच्या नातेवाइकाचं सहीचं पत्र लागेल. ज्यांचं पत्र येणार नाही त्यांच्या अस्थी एकत्र ठेवतील. मग त्यांनी विचारलं, "तुम्ही कोण त्यांच्या?"

मी म्हटलं, चौथी अ.

हसू नकोस. दुसरं काय सांगणार होते? शाळेत बाई आणि तुमच्या घरी मावशी, पण कागदावर मी कुणीच नाही. बारा वाजता आंजेलुसची घंटा झाली की खडू फळ्याच्या कडेला ठेवून बाई उभ्या राहायच्या. तुम्ही प्रार्थना म्हणायचात आणि आम्ही बाकीच्या नुसत्या हात जोडून उभ्या. "तुमच्या देवाचं म्हणा, पण मनात म्हणा," एवढंच त्यांचं सांगणं. दिवाळीतला आमचा आकाशकंदील त्या जपून ठेवायला लावायच्या आणि नाताळात त्याच कामट्यांना नवा कागद चिकटवून तुमच्या दारात लावायच्या. आगेऱ्याला, तुमच्या सुगीच्या सणाला, नव्या भाताची लोंबी आमच्या देवघरात यायची, ती आई गौरीच्या फोटोला वाहायची. (नाताळच्या देखाव्यातल्या गोठ्यातल्या मेंढीचा कान तूच तोडलास. बाईंनी शिक्षा मला केली, हे मी अजून विसरलेले नाही.)

अंधेरीच्या सीप्झ उद्योगवसाहतीतलं पडकं देऊळ दाखवायला बाईंनी नेलं होतं, आठवतं? 1579 चं बांधकाम, 1840 मध्ये साथीमुळे सोडून दिलेलं. लोक मरोळला गेले आणि तिथे नव्यानं उपासना सुरू झाली. तू विचारलं होतंस, मेलेली माणसं मागेच राहिली का? बाई काही बोलल्या नव्हत्या. परतीच्या बसमध्ये मात्र खिडकीकडे तोंड करून बसल्या होत्या. परवा फाटकाशी मला तुझा तोच प्रश्न आठवत राहिला.

तुझा भाऊ म्हणेल, वसईला आणू. तिकडे तुमचं सगळं गोत आहे, मान्य. पण बाई वसईत राहिल्या कधी? लग्न होऊन ठाण्यात आल्या त्या इथल्याच झाल्या. निवृत्त झाल्यावरसुद्धा मासुंदा तलावाच्या काठी शेंगा खात बसलेल्या त्यांना जुने विद्यार्थी येऊन वाकून नमस्कार करायचे. त्यांना वसईला नेऊ नका. तुझ्या भावाशी मी भांडणार नाही, ते काम तुझं. तुझ्या लग्नात उंबराच्या पाण्याच्या वेळी घुमट कुणी वाजवायचा यावरून त्यानं केवढा तमाशा केला होता! तेव्हाही त्याला तूच गप्प केलंस.

पत्रात दोन गोष्टी लिही. एक, अस्थी ठाण्यातल्याच नव्या भिंतीत ठेवाव्यात. दुसरी, तुझ्या गैरहजेरीत माझ्याशी संपर्क करावा. माझं नाव आधार कार्डावर आहे तसं पूर्ण लिही, नुसतं "सुनू" नको. बाईंच्या मृत्यूच्या दाखल्याची प्रत आणि तुझ्या पासपोर्टची प्रत जोड. खर्चाचं मी बघते, त्यावर वाद नको.

शाळेची पितळी घंटा कुठे गेली ते कुणालाच सांगता येत नाही. मी विचारत राहणार आहे.

जॉइसचं बाळ कसं आहे? फोटोत तुझ्या वडिलांसारखं कपाळ दिसलं. टोरांटोत थंडी सुरू झाली असेल, बर्फात उगाच बाहेर पडू नकोस. नवी नोकरी जमली का ते कळव. बॉटल मसाला संपला असेल तर सांग, तुझ्या मामेबहिणीकडून घेऊन पाठवते.

पत्र हातात पडलं की व्हॉट्सॲपवर सांग. सहीचा कागद मात्र कुरियरनंच पाठव, त्यांना मूळ प्रत लागते. काम नाताळच्या आधी सुरू करणार आहेत.

तुझीच,
सुनंदा