बाबा, त्या टाळ्यांबद्दल

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

फोनवर हे बोलायचं म्हटलं की बाबा "बरं, बरं" म्हणून फोन आईकडे देतात, म्हणून लिहिते आहे.

परवाच्या समारंभात सूत्रसंचालकाने "आपल्यात एक माजी सैनिक आहेत" म्हणून तुम्हाला उभं केलं आणि सभागृह टाळ्या वाजवत राहिलं. बाबा, तुम्ही टाळ्या थांबायच्या आतच खाली बसलात. मला राग आला होता, कौतुक घ्यायला काय जातं? गाडीत तुम्ही एवढंच म्हणालात, "टाळ्या वाजल्या की पुढं कुणी काही विचारत नाही." मागून आई म्हणाली, "मला तर कुणी उभंही केलं नाही." आपण तिघंही हसलो आणि विषय तिथेच संपला. माझ्या डोक्यातून मात्र तो गेला नाही.

त्याच आठवड्यात ऑफिसात एका सहकाऱ्याशी वाद झाला. त्याचं म्हणणं, सैनिकाला पगार मिळतो, पेन्शन मिळते, मग उपकार कसले? गटार साफ करणाराही जिवावर उदार होतो, त्याच्यासाठी कोण उभं राहतं? मी तावातावाने बोलले, पण खरं सांगते, मला उत्तर सुचलं नव्हतं. धोक्याचाच हिशेब मांडला तर त्याचं बरोबर आहे. गटारात उतरणाऱ्याला आपण काहीच देत नाही, ही आपली लाज आहे.

मग फरक कशात? मला वाटतं, "नाही" म्हणण्यात. मला उद्या काम पटलं नाही तर मी राजीनामा टाकून घरी येईन. तुम्हाला तसं करता येत नव्हतं. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश लष्कराने पळून गेल्याच्या, भित्रेपणाच्या आरोपांवरून आपल्याच सैनिकांना गोळ्या घातल्या. अशा ३०६ जणांना माफी मिळाली ती २००६ मध्ये. त्यांतले कितीतरी तोफांच्या माऱ्याने पार खचलेले होते. कुठे जायचं आणि कुणावर बंदूक रोखायची हे दुसऱ्याने ठरवायचं, आणि ते ठरवणारे आपण निवडून दिलेले. ऋण असलंच तर ते याचं आहे, असं मी मनाशी पक्कं केलं होतं.

पण मग ह्यू थॉम्प्सनबद्दल वाचलं आणि माझं गणित अडलं. १६ मार्च १९६८ ला व्हिएतनाममधल्या माय लाय गावात अमेरिकन सैनिक म्हातारे, बायका, पोरं मारत सुटले होते. थॉम्प्सन हा अमेरिकेचाच हेलिकॉप्टर पायलट. त्याने हेलिकॉप्टर गावकरी आणि सैनिक यांच्या मधोमध उतरवलं आणि आपल्या साथीदारांना सांगितलं, आपल्या लोकांनी या गावकऱ्यांवर गोळ्या झाडल्या तर तुम्ही आपल्या लोकांवर झाडा. बाबा, वाचताना माझ्या अंगावर काटा आला. आणि पुढे काय झालं? त्या हत्याकांडासाठी दोषी ठरलेल्या लेफ्टनंट कॅलीसाठी देशभरातून सहानुभूतीचा पूर लोटला. जन्मठेप झाली होती, पण काही वर्षांत, तीही बहुतेक नजरकैदेत काढून, तो सुटला. थॉम्प्सनला शिव्या आणि धमक्या आल्या. त्याने खरंच जे केलं त्याची दखल घेणारं पदक आलं १९९८ मध्ये, तीस वर्षांनी.

म्हणजे लोकांचा आदर गणवेशाला होता. आतला माणूस काय करतो आहे, इकडे बघायला कुणाला सवड नव्हती. सरसकट सगळ्यांपुढे नमस्कार करायला माझा हात आता पूर्वीसारखा उठत नाही. तुम्हाला हे खटकेल का, याची भीती वाटत होती. पण तुम्हीच एकदा तुमच्या एका साहेबाबद्दल म्हणाला होतात, "त्याला सॅल्यूट केला तो त्याच्या खांद्यावरच्या पट्टीला." आई, तेव्हा तू त्यांना गप्प केलं होतंस, आठवतं?

आणि नुसत्या कौतुकाची किंमतही बघा. पहिल्या महायुद्धातून परतलेल्या अमेरिकन सैनिकांना १९२४ च्या कायद्याने बोनस कबूल झाला, पण हातात पडणार १९४५ मध्ये. मंदीत पोटाची भ्रांत पडली तेव्हा, १९३२ मध्ये, ते बायकापोरांसह वॉशिंग्टनला जाऊन पैसे आत्ताच द्या म्हणत तळ ठोकून बसले. जुलैअखेर त्यांच्यावर सैन्यच घातलं गेलं. अश्रुधूर, घोडदळ, रणगाडे, आणि झोपड्यांना आगी. पैसे मिळाले ते १९३६ मध्ये.

आपल्या घरची गोष्ट एवढी मोठी नाही. तुमचा डावा कान तोफांनी गेला. त्याचे कागद मंजूर व्हायला तीन वर्षं लागली. मी तेव्हा नववीत होते. तुमच्याबरोबर रांगेत उभी राहायचे, कारण खिडकीतला माणूस पुटपुटायचा आणि तुम्हाला ऐकूच यायचं नाही. कान गेल्याचा पुरावा मागणाऱ्याला मी ओरडून सांगायचे की यांना ऐकू येत नाही. आता हसू येतं. टाळ्या वाजवणारं मात्र तिथे कुणी दिसलं नाही.

आई, तुझं तर कधी कुणी कागदावरही धरलं नाही. ज्या वर्षी बाबांना सुट्टीच मिळाली नाही, त्या वर्षी तू रोज रात्री दाराची कडी दोनदा तपासायचीस, मी झोपेचं सोंग घेऊन ऐकायचे. त्या वर्षाबद्दल मी दोघांनाही कधी विचारलं नाही. बाबांच्या काळ्या ट्रंकेवरचा पांढऱ्या रंगातला नंबर मला पाठ आहे, पण त्या वर्षी ती ट्रंक कुठे होती हे माहीत नाही. टाळ्या वाजवणाऱ्यांत आणि माझ्यात तसा फारसा फरक नाही.

पुढच्या रविवारी येते आहे. सांगावंसं वाटलं तर सांगा, नाही वाटलं तर पत्ते खेळू. आधी आईने सांगायचं, मग बाबांनी. बाबा, मी उजव्या बाजूला बसेन, म्हणजे मला ओरडून विचारावं लागणार नाही.

तुमची,
ताई