आधी साधी बाटली उघडायला लावणाऱ्या काकूंना

आदरणीय काकू,
सा. न. वि. वि.

आमच्या रेस्टॉरंटचं नवं कार्ड गेल्या आठवड्यात छापून आलं. स्पार्कलिंग, म्हणजे बुडबुड्यांच्या वाइनच्या रकान्यात दोनच नावं आहेत. उत्पादकाकडून सहा आल्या होत्या, त्यातल्या दोन ठेवल्या. त्या दोनच का, हे आज मला कुणीही विचारलं तरी नीट सांगता येतं, आणि ते फक्त तुमच्यामुळे. फोनवर आभार मानायला लागलो तर तुम्ही "बरं बरं, जेवलास का?" म्हणून विषयच बदलला. म्हणून लिहायला बसलो. चार लोकांसमोर लिहितोय, कारण तुम्ही जे शिकवलंत ते माझ्यासारख्या आणखी कुणाच्या उपयोगी पडलं तर मला फार बरं वाटेल.

मार्चमध्ये मालकांनी मला काम दिलं होतं: नाशिककडच्या एका उत्पादकाच्या सगळ्या स्पार्कलिंग चाखून बघ, त्यांची धाटणी काय, दर्जा काय, कोणत्या घ्यायच्या ते सांग. मी एका रात्री किचन बंद झाल्यावर सहाच्या सहा बाटल्या ओळीने उघडल्या, दहापैकी गुण दिले आणि मोकळा झालो. सगळ्यात महागडीला नऊ, साध्या ब्रूटला, म्हणजे कमी साखरेच्या रोजच्या बाटलीला, सहा. आई म्हणाली, वरच्या मजल्यावरच्या काकूंनी नाशिकला वायनरीच्या प्रयोगशाळेत वीस वर्षं काढली आहेत, एकदा त्यांना दाखव. तुम्ही कागद वाचला, घडी घातली आणि एवढंच विचारलंत, "सगळ्यात स्वस्त बाटलीवर दोनच ओळी?"

मी गप्प राहिलो तेव्हा तुम्ही आमच्या काटोलच्या बागेची आठवण काढलीत. "कळमन्याच्या बाजारात संत्र्याचा ढीग लागला की व्यापारी वरची फळं बघून बोली लावतो का रे?" बाबांबरोबर मी लहानपणापासून कळमन्याला गेलोय. व्यापारी ढिगात कोपरापर्यंत हात घालतो आणि तळातलं फळ काढून फोडतो. "मग इथे वरचं फळ बघून नऊ गुण कसे दिलेस?"

काकू, त्या एका प्रश्नाने माझं सगळं काम उलटं फिरलं. महागडी बाटली थोडी निघते, निवडक द्राक्षांची निघते, तिच्यावर सगळ्यांचं लक्ष असतं. साधी ब्रूट मात्र दरवर्षी, हजारोंनी काढावी लागते, पाऊस लांबला तरी आणि फेब्रुवारीतच ऊन तापलं तरी. फ्रान्सच्या शॅम्पेन भागात तर या रोजच्या बाटलीसाठी मागच्या वर्षांच्या वाइन राखून ठेवतात आणि नव्या सालात मिसळतात, म्हणजे पिणाऱ्याला चव ओळखीची लागते. उत्पादकाचा हात किती बसलेला आहे ते तिथे कळतं. तेव्हापासून मी कुठल्याही उत्पादकाची साधी बाटली आधी उघडतो, आणि तीही दोनदा, वेगवेगळ्या दिवशी.

तुमच्या स्वयंपाकघरातल्या त्या चार संध्याकाळी मला जशाच्या तशा आठवतात. पहिल्या दिवशी मी अरुंद, उंच पेले घेऊन आलो होतो. तुम्ही ते बाजूला ठेवलेत आणि पोटाशी फुगीर, तोंडाशी निमुळते असे साधे वाइनचे पेले काढलेत, कारण नळीसारख्या पेल्यात बुडबुडे छान दिसतात पण नाक आत जात नाही. पेले साबणाशिवाय नुसत्या गरम पाण्याने धुतलेत. साबणाचा थर राहिला की फेस बसतो आणि दोष वाइनच्या माथी येतो, हे मी पाच वर्षं हॉटेलात काम करून ऐकलं नव्हतं. बाटली फ्रिजमधून काढल्यावरही तुम्ही दहा मिनिटं थांबायला लावलंत. बर्फासारख्या गार वाइनमध्ये गुणही झाकतात आणि दोषही.

आणि झाकण लावून ठेवलेली ती अर्धी बाटली! दुसऱ्या दिवशी सकाळी, गॅस बराचसा गेल्यावर, तुम्ही मला चहाच्या आधी बोलावून तीच वाइन पुन्हा दिलीत. बुडबुडे गेल्यावर उरते ती मूळ वाइन, तिला अंग आहे का, की सगळा थाट फेसाचाच होता, हे बघायचं. सहापैकी दोन बाटल्या त्या सकाळी पाणचट लागल्या. साधी ब्रूट टिकली. आंबटपणा स्वच्छ होता, शेवटी मोसंबीच्या सालीचा किंचित कडवटपणा होता आणि घोट गिळल्यावरही चव जिभेवर रेंगाळत होती. माझ्या कागदावर तिला सहा गुण होते.

त्या आंबटपणाबद्दल तुम्ही जेवढं सांगितलंत तेवढं मला कुठल्याच प्रशिक्षणात मिळालं नव्हतं. शॅम्पेन ४९ अंश अक्षांशावर, तिथे थंडीच द्राक्षातलं आम्ल राखते. नाशिक २० अंशांवर. तिथे एप्रिलची खरड छाटणी, म्हणजे नव्या काड्यांसाठीची, मग पावसाळा सरताना फळांसाठीची गोडी छाटणी, आणि तोडणी जानेवारी ते मार्च, म्हणजे ऊन चढत असताना. साखर भराभर वाढते, आम्ल भराभर उतरतं. म्हणून स्पार्कलिंगची द्राक्षं सगळ्यात आधी तोडतात, आणि म्हणूनच आम्ल मुळात जास्त असलेल्या शेनिन ब्लांक या द्राक्षाच्या जातीवर तिकडचे इतके लोक भिस्त ठेवतात. तोडणीचा दिवस चुकला की पुढे तळघरात कितीही महिने ठेवा, कणा मिळत नाही. हे सांगताना तुमचा आवाज चढला होता. एखाद्या वर्षी चार दिवस उशीर झाल्याचं दुःख तुम्हाला अजून आहे, हे मला तेव्हा जाणवलं.

साखरेची संध्याकाळ तर मी आता आमच्या नव्या पोरांना करून दाखवतो. सहापैकी एक बाटली ब्रूट नेचर होती, म्हणजे लिटरला ३ ग्रॅमपेक्षा कमी साखर. तुम्ही ५० ग्रॅम साखर विरघळवून १०० मिलीलिटर पाक केलात, औषधाची सिरिंज घेतलीत आणि १०० मिलीलिटरच्या चार पेल्यांपैकी एक तसाच ठेवून बाकीच्यांत १, २ आणि ८ मिलीलिटर पाक सोडलात. एकच वाइन, पण लिटरला साधारण ५, १० आणि ४० ग्रॅम साखर वाढलेली. पहिल्या पेल्यात जी हिरवी, कच्च्या चिंचेची धार जीभ कापत होती ती तिसऱ्यात गोलसर झाली होती, आणि चौथ्यात तर सापडतच नव्हती. ब्रूट लिहिलं की १२ ग्रॅमच्या आत, एक्स्ट्रा ड्राय म्हणजे १२ ते १७, डेमी-सेक ३२ ते ५०, हे आकडे मी परीक्षेसाठी पाठ केले होते. साखर कुठे चव खुलवते आणि कुठे कच्चेपणा झाकते, हे मात्र त्या चार पेल्यांनी दाखवलं. उत्पादकाची धाटणी समजून घ्यायची तर बाटलीत साचलेला यीस्टचा गाळ काढल्यावर तो तिच्यात किती साखर घालतो, हे विचारल्याशिवाय पुढे जायचं नाही, हा तुमचा नियम मी मोडत नाही.

रोझेची, म्हणजे गुलाबी वाइनची बाटली उघडली तेव्हा उकडलेल्या कोबीचा वास आला. मी लगेच पेन उचललं. तुम्ही माझ्या हातावर हात ठेवलात आणि विचारलंत, ही कुठून आणलीस? बाकीच्या पाच थेट उत्पादकाकडून आल्या होत्या, ही एक खोक्यात फुटली म्हणून मी इथल्याच एका दुकानातून आणली होती. तिथे ती काचेच्या कपाटात ट्यूबलाइटखाली उभी होती, किती दिवस कोण जाणे. बिनरंगी, पारदर्शक काचेच्या बाटलीत उजेड शिरतो आणि वाइनमध्ये गंधकाचे वास तयार होतात, हिरव्या किंवा काळपट काचेत ते बरंच टळतं. त्यात नागपूरची उष्णता. तुम्ही दुसरी बाटली मागवायला लावलीत. ती आली तेव्हा कोबीचा मागमूस नव्हता, पिकलेल्या करवंदाचा सुरेख वास होता. मी एका बाटलीवरून कुणाच्या तरी वर्षभराच्या मेहनतीवर काट मारणार होतो, काकू. तो हात तुम्ही धरलात, याबद्दल वेगळे आभार.

आणखी एका गोष्टीसाठी मनापासून आभार: तुम्ही मला माझ्या भाषेत चाखायला शिकवलंत. माझ्या पहिल्या कागदावर गूजबेरी, ब्रिओश, हनीसकल असे शब्द होते. "यातलं तू काय काय खाल्लंस?" असं विचारून तुम्ही सगळे खोडलेत. मग आपण एकेक वास शोधत बसलो. रायआवळा. संत्र्याचं साल बोटांनी चिमटल्यावर उडणारा तुषार. तव्यावर फुगलेल्या पोळीचा वास, भाजलेले शेंगदाणे, सायीचा ओशटपणा. बुडबुडे आणणारं दुसरं किण्वन (आंबवणं) बाटलीत झालं आणि वाइन मेलेल्या यीस्टच्या गाळावर महिनोन्महिने पडून राहिली की तो पोळी-पावाचा वास येतो, टाकीत लवकर उरकलेल्या वाइनमध्ये फळच पुढे असतं. दोन्ही चांगल्या असू शकतात, पण कोणती कोणती हे नाकाला कळलं पाहिजे. मी तो वास ओळखायला लागलो तो पोळीचं नाव मिळाल्यावर. आता आमच्या कार्डावरही हेच शब्द आहेत, आणि गिऱ्हाईक वाचून मान डोलावतं.

गाळावरच्या महिन्यांचा हिशेबही तुम्ही पक्का करून घेतलात. शॅम्पेनमध्ये पिकाचं वर्ष न छापलेल्या बाटलीला तळघरात किमान १५ महिने, त्यातले १२ गाळावर. वर्ष छापलेल्या बाटलीला ३ वर्षं. कावा या स्पेनच्या स्पार्कलिंगला ९ महिने, रिझर्वाला १८, ग्रान रिझर्वाला ३०. "हा कायद्याचा तळ आहे, माणसाची इच्छा त्याच्या वर किती जाते ते बघ," हे तुमचं वाक्य मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलंय. गाळ तोंडाशी आणायला बाटल्या हाताने फिरवतानाच्या फोटोंना भुलू नकोस, हेही तुम्ही बजावलंत. ते काम यंत्राने आठवड्याभरात होतं आणि चवीत फरक पडत नाही.

धाटणी म्हणजे नेहमी एकच चव, असा माझा समज होता. तुम्ही शॅम्पेनच्या उत्पादकांची उलट उदाहरणं दिलीत. लुई रोडरेरने २०२१ मध्ये आपली नेहमीची ब्रूट प्रीमियर थांबवून कलेक्शन २४२ आणली, आणि दरवर्षी आकडा बदलत जाणारी वाइन स्वीकारली. जॅकेसनने हे २००० सालच्या पिकावर उभ्या केलेल्या ७२८ पासूनच सुरू केलं होतं. क्रूग लहान ओक पिंपांत पहिलं किण्वन करतं, तर सालोन एकाच गावाच्या शार्दोने द्राक्षांची एकच वाइन काढतं, तीही निवडक वर्षीच. म्हणजे आधी उत्पादकाला काय करायचंय ते समजून घ्यायचं आणि मग त्याच मापाने त्याला मोजायचं. आमच्या सहा बाटल्या पुन्हा ओळीने ठेवून तुम्ही प्रत्येकीपुढे विचारलंत, "ही कशासाठी आहे?" चार बाटल्यांना उत्तर मिळालं. एक्स्ट्रा ड्राय आपल्या दोघांच्या मते ब्रूटच होती, साखर वाढवून दुसरा कागद चिकटवलेली. आणि महागडीचं उत्तर लगेच मिळेना.

तेव्हा तुम्ही मला थेट उत्पादकाला फोन करायला लावलात. तोडणी कधी, रस पहिल्या दाबाचाच घेता का, गाळावर किती महिने, गाळ कधी काढला. तासाभरात सगळी उत्तरं आली, एकही लपवाछपवी नाही. महागडीचा गाळ फेब्रुवारीतच काढला होता, त्या धक्क्यातून ती अजून सावरलेलीच नव्हती. मी जिला नऊ गुण दिले होते ती वाइन मला खरं तर भेटलीच नव्हती, जाड बाटली आणि सोनेरी कागद बघून लिहिलं होतं. तुम्ही तिच्या दोन बाटल्या फ्रिजच्या तळाशी आडव्या ठेवल्यात, भाजीच्या खणात, मे महिन्याच्या ४५ अंशांत दुसरी जागा कुठे होती? जुलैत पहिली उघडली. छान बसली होती, शेंगदाण्याचा वास वर आला होता. तरी साधीच्या तिप्पट पैसे देण्याइतकी नाही, असंच आपलं दोघांचं मत पडलं, आणि मी ते तसंच लिहिलं.

कार्डावरच्या दोन म्हणजे साधी ब्रूट आणि डेमी-सेक. डेमी-सेक मी कधीच घेतली नसती. सावजी मटणाबरोबर तुम्ही दोन्ही देऊन बघायला लावल्यात. कोरड्या वाइनने तिखट आणखी पेटलं, गोडीने ते आवरलं. ब्रूट सांबारवडीबरोबर, म्हणजे कोथिंबिरीच्या तळलेल्या वडीबरोबर जाते, तळणीचा तेलकटपणा एका घोटात धुऊन निघतो. शनिवारी एका टेबलावर आजोबांनी पहिल्यांदाच अशी वाइन घेतली, सांबारवडीबरोबर, आणि दुसरा पेला मागवला. तुम्हाला सांगायला त्याच रात्री जिना चढणार होतो, पण बारा वाजून गेले होते.

महागडीची दुसरी बाटली अजून भाजीच्या खणात आहे. तिला तोवर आणखी तीन-चार महिने मिळतील. नोव्हेंबरात काटोलहून आंबिया बहाराची संत्री येतील, बाबा पहिली पेटी तुमच्यासाठी बाजूला काढणार आहेत. ती घेऊन येतो, तेव्हा उघडू. पेले मी धुतो, गरम पाण्याने.

आपला कृतज्ञ,
खालच्या मजल्यावरचा विद्यार्थी
नागपूर