भाषण कमी, पान क्रमांक जास्त

प्रिय मंगेश,

शिबिराचं वेळापत्रक पाहिलं. ‘पर्यावरणाचं महत्त्व’ हे पहिलं सत्र काढूनच टाक. ज्यांची जमीन चालली आहे त्यांना ते शिकवायला नको. त्यांना हवंय ते हे, की शेकडो पानांचा ईआयए (प्रकल्पाचा पर्यावरणावर काय परिणाम होईल याचा) अहवाल हातात पडल्यावर सुरुवात कुठून करायची.

तिसऱ्या प्रकरणातून करायची. त्यात परिसराची सद्यःस्थिती असते आणि तिथे अहवाल लिहिणाऱ्या कन्सल्टंटपेक्षा गावकरीच जाणकार. प्रकल्पाभोवतीच्या दहा किलोमीटरचा नकाशा भिंतीवर लाव. विहिरी, झरे, गुरचरण, मासेमारीच्या जागा लोकांनाच खुणावू दे, मग अहवालातल्या याद्यांशी ताडून बघा. जे सुटलंय त्याची हरकत पान क्रमांकासह लिहायची. नमुने कोणत्या महिन्यांत घेतले तेही बघा. एका हंगामाची आकडेवारी पुरते आणि तो हंगाम पावसाळा सोडून असतो. म्हणून कोकणातला सडा, म्हणजे कातळाचं पठार, कागदावर सहज ‘पडीक’ होतो. पावसाळ्यात तिथे साचणारं पाणी, फुलं, बेडूक नोंदीत येतच नाहीत.

दुसऱ्या अहवालातून उचललेला मजकूरही शोधायला लाव. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका बॉक्साइट खाणीच्या अहवालात रशियातल्या खाणीच्या अहवालाचा मजकूर निघाला होता, स्प्रूस आणि बर्चच्या जंगलांसकट!

गोव्यातल्या मोपा विमानतळाच्या प्रकरणाला मात्र निवांत वेळ दे. फॉर्म-1 मध्ये, म्हणजे पर्यावरण मंजुरीच्या अर्जात, आसपासच्या जंगलांची आणि संवेदनशील क्षेत्रांची माहिती दडवली, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2019 मध्ये मंजुरी स्थगित केली. जानेवारी 2020 मध्ये स्थगिती उठली, तेही सांग.

जनसुनावणीची नोटीस किमान 30 दिवस आधी लागते. ती छापून येईल त्याच दिवशी दोघांनी जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद, ग्रामपंचायत आणि जिल्हा उद्योग केंद्रात जाऊन अहवाल आणि मराठी सारांश ठेवलाय का ते बघायचं. नसेल तर प्रदूषण नियंत्रण मंडळाला लेखी कळवून पोच घ्यायची. ही पोच पुढे कामी येते: गोव्यातल्या खाणीच्या प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने 2009 मध्ये सांगितलं की सारांश 30 दिवस आधी मिळालाच पाहिजे आणि हरकती का फेटाळल्या याची कारणं प्रकल्प तपासणाऱ्या तज्ज्ञ समितीने दिली पाहिजेत.

बहिष्काराचा विषय निघेलच. सुनावणीला गणपूर्तीची अट नाही, त्यामुळे लोक आले नाहीत तरी ती ‘झाली’ म्हणून नोंदली जाते. त्यापेक्षा एकेकाला एकेक मुद्दा वाटून द्या, आणि बोलून झाल्यावर तोच लेखी देऊन पोच घ्या. शेवटी मुद्द्यांचं टिपण मराठीत वाचून दाखवावं लागतं. नेमके तेव्हाच लोक जेवायला पांगतात. पाच जण तरी थांबव. सुटलेला मुद्दा तिथेच नोंदवून घ्यायचा.

मंजुरी मिळाल्याचं कळल्यापासून हरित लवादात अपिलाला 30 दिवस, सबळ कारण असेल तर आणखी 60. त्यानंतर दार बंद. म्हणून परिवेश पोर्टल (मंजुऱ्यांची सरकारी वेबसाइट) दर सोमवारी कोण बघणार, ते नाव शिबिरातच ठरवा.

तुझा,
विजू