पाण्यातला व्यायाम फळ्यावर शिकवून कसं भागेल?

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

उन्हाळा सुरू झाला की आपल्या पेपरात स्विमिंग कॅम्पचे फोटो येतात, बेळगावात गोवावेस असो नाहीतर जेएनएमसी मेडिकल कॉलेजचा टँक, पोरांची नुसती झुंबड, आणि त्याच दिवसांत आरोग्याच्या पानावर कुठंतरी एक ओळ हमखास असते की गुडघे दुखत असतील तर पाण्यात चाला. आता चाला म्हणजे किती खोल पाण्यात, पाणी किती कोमट, आणि मुख्य म्हणजे शेजारी उभं कोण राहणार, हे काय कुणी लिहीत नाही. शेजारी जो उभा राहणार त्याला आपण कसा तयार करतोय एवढ्यासाठीच हे पत्र. मी बेळगावात बरीच वर्षं फिजिओथेरपीच्या पोरांना शिकवतोय.

आमच्या कोर्सला एक्सरसाइज थेरपीत हायड्रोथेरपीचा, म्हणजे पाण्यातल्या उपचारांचा, धडा असतो. तो शिकवतात कसा, तर फळ्यावर एक माणूस काढायचा, खालून वर एक बाण काढायचा, त्याला बॉयन्सी, म्हणजे पाण्याचा वर उचलणारा जोर, म्हणायचं, मग कुणाला पाण्यात उतरवू नये त्याची यादी, जखम, ताप, फिट्स, हार्ट फेल्युअर, ती पोरं पाठ करतात, व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, घडाघडा म्हणून दाखवतात आणि मार्क पण चांगले पडतात. माझ्या ओळखीतली कितीतरी पोरं इंटर्नशिप संपवून बाहेर पडली पण पेशंटबरोबर एकदाही पाण्यात उतरली नाहीत. इलेक्ट्रोथेरपीची मशीन न हाताळता कुणाला पास केलं तर आरडाओरडा होईल की हो, इथं कुणाला काहीच वाटत नाही.

आकडे पोरांना येतात, त्याबद्दल तक्रार नाही. कमरेइतक्या पाण्यात उभं राहिलं की पायावर साधारण निम्मं वजन येतं, छातीपर्यंत गेलं की तिसरा हिस्सा नाहीतर त्याहून कमी, आणि मानेपर्यंत जेमतेम 10 टक्के. म्हणजे 70 किलोच्या मावशी मानेपर्यंत पाण्यात गेल्या की त्यांच्या गुडघ्यांवर वरचा भार फारसा उरतच नाही, म्हणून जमिनीवर चार पावलं टाकताना कळवळणारी बाई पाण्यात आरामात चालते. पण ह्याची दुसरी बाजू पण आहे आणि ती पुस्तकात वाचून अंगात मुरत नाही. तेच पाणी थेरपिस्टला पण उचलतं! एखाद्या पोरीला छातीपर्यंत पाण्यात उभं करून मैत्रिणीला उताणं तरंगत धरायला सांगा, पहिल्या मिनिटात तिचेच पाय उचलले जातात, मग ती काय करते तर पेशंटचीच मान घट्ट पकडते. म्हणून आम्ही सांगतो की पाणी तुझ्या बरगड्यांच्या वर येईल इतक्या खोलात जाऊच नको, आणि लावणीला चिखलात उभं राहतात तसं पाय फाकून, गुडघे किंचित वाकवून रोवून उभी राहा. हे पाण्यात एकदा केलं की जन्मभर लक्षात राहतं.

आणि ती जी उताणी तरंगतेय तिचे कान पाण्यात असतात, हे पण पोरांच्या डोक्यात येत नाही. वरून थेरपिस्ट सांगतेय, रिलॅक्स, मान सैल सोडा, श्वास घ्या, आणि तिला ऐकू येतोय नुसता गुंगाट, म्हणून ती ऐकायला मान वर उचलते, मान उचलली की कंबर खाली जाते, कंबर गेली की घाबरते, सगळा कार्यक्रम संपला. सूचना आधीच द्यायच्या, मराठी पेशंटला मराठीत आणि कन्नड पेशंटला कन्नडमध्ये, आणि नंतर हाताच्या स्पर्शानं काम करायचं. आमच्याकडं बाहेरच्या राज्यातली पोरं पण बरीच, त्यांना चार शब्द दोन्ही भाषेतले यायलाच हवेत.

आणखी एक गंमत सांगतो. काठावर उभं राहून पाण्यातला गुडघा किती वाकलाय ते बघा, डोळ्याला दिसतो तेवढा तो नसतो, प्रकाश पाण्यातून बाहेर येताना वळतो ना. शाळेत पेन्सिल पाण्यात घालून सगळ्यांनी हे बघितलंय, पण काठावरून सूचना सोडणारा थेरपिस्ट नेमका तेच विसरतो. जवळ जाऊन हात लावून बघायला लागतं. तसंच वेगाचं. हात पाण्यात हळू फिरवला तर पाणी मदत करतं, वेग दुप्पट केला की अडथळा साधारण चौपट होतो, मग वेगळा डंबेल नको की काही नको. पेशंटला हात न लावता त्याच्या भोवतीचं पाणी तळहातानं ढवळलं तरी त्याच्या तोलाचा व्यायाम होतो, आणि आपण त्याच्या पुढं उलटं चालत गेलो की आपल्या मागं पाण्याची जी ओढ तयार होते तिच्यात तो सहज पाय टाकत येतो. पॅरालिसिस होऊन गेलेल्या माणसाला चालायला शिकवताना ह्याचा केवढा उपयोग आहे!

आता धोक्याचं. मानेपर्यंत पाण्यात उतरलं की पाय आणि पोटाकडचं पाऊण लिटरच्या आसपास रक्त छातीकडं सरकतं, हृदयाला जास्त काम पडतं, वरून पाण्याचा दाब छातीवर म्हणून श्वासाला पण जोर लागतो. पायाची सूज उतरते ती ह्याच दाबामुळं, पण हृदय कमकुवत असलेल्या माणसाला तेच महागात पडतं. आणि पाण्यातून बाहेर येताना सगळं उलटं होतं, दाब गेला, वजन परत आलं, पाय जड झाले, बीपी पडायची शक्यता तिथंच जास्त. मी पोरांना सांगतो की पेशंट शेवटच्या पायरीवर असताना तुमचं लक्ष मोबाईलकडं नको, टॉवेलकडं नको. पायरीवर दोन मिनिटं उभं करा, हळूहळू वर आणा, खुर्चीत बसवा आणि प्यायला पाणी द्या. पाण्यात बसून लघवी जास्त होते म्हणून तहान लागत नसली तरी द्या.

ह्यातलं काहीच नवीन नाही. 1949 मध्ये लंडनमध्ये जेम्स मॅकमिलन ह्यांनी अपंग मुलींना पाण्यात शिकवायला सुरुवात केली, तीच पुढं हॅलिविक पद्धत म्हणून जगभर गेली, दहा टप्पे आहेत तिचे. स्वित्झर्लंडच्या बाड रगाझ गावची पद्धत वेगळी, तिथं मानेला, कमरेला, पायाला हवेच्या रिंगा लावून पेशंटला उताणं तरंगत ठेवतात. मॅकमिलन मात्र तरंगायला काही द्यायचेच नाहीत, प्रत्येक मुलामागं एक माणूस द्यायचे. आपल्याकडं विहिरीत पोहायला शिकवताना पाठीला बिंडा नाहीतर रिकामा कॅन बांधतात, मी पण तसाच शिकलो, आणि तरी मला मॅकमिलनचं पटतं कारण कॅन सोडला की पोरगं परत घाबरतं, आणि पेशंटचं पण तसंच.

मग प्रॅक्टिकल कुठं घ्यायचं? सगळी कॉलेजं म्हणतात स्पेशल टँक नाही, खर्च परवडत नाही. ह्यात अर्धं खरं आहे. सांधेवाताच्या पेशंटला 33 ते 35 डिग्रीचं पाणी लागतं, पोहण्याच्या टँकमध्ये असतं 26 ते 28, त्यात थंडीच्या दिवसांत बेळगावचा उघडा टँक म्हणजे पेशंट कुडकुडून आणखीनच आखडायचा. पण शिकणारी पोरं धडधाकट आहेत, त्यांना एप्रिल-मे मध्ये साधा टँक चालतो की! एकमेकांना पेशंट करून निम्म्याहून जास्त गोष्टी तिथंच शिकता येतात. दुपारी टँक रिकामे असतात, डोक्यावर एक शेड आणि हजर लाईफगार्ड एवढंच बघायचं.

पेशंटसाठी वेगळी टाकी लागणार हे कबूल, पण ती काय ऑलिंपिकची नको. 4 मीटर लांब, 3 मीटर रुंद आणि 1.2 मीटर पाणी, एवढ्यात एक-दोन पेशंटचं काम होतं आणि पाणी भरतं 14,400 लिटर. साधा 25 मीटरचा टँक धरला तर साडेचार लाख लिटरच्या वर जातो, तेवढं तापवायचं म्हटलं की कुणीपण हात वर करणार. छोट्या टाकीला सोलर आणि रात्री वरून कव्हर घातलं की बरंच भागतं, कारण उष्णता जास्त जाते ती वरच्या वाफेतून. एका ठिकाणी अशी टाकी बांधून, फीत कापून, फोटो काढून झाले आणि नंतर हीटर बंद पडला तो पडलाच, आता त्यात जुन्या खुर्च्या ठेवल्यात. नाव घेत नाही. टाकी बांधणं सोपं, कोमट पाण्यात क्लोरीन लवकर उडतो आणि जंतू लवकर वाढतात म्हणून रोज क्लोरीन आणि पीएच (पाणी किती आंबट किंवा खारं ते) तपासायला माणूस ठेवणं अवघड, आणि बजेटमध्ये नेमका तोच माणूस गाळला जातो.

एक विषय ह्याच्यावर कुणी बोलत नाही, कपड्यांचा. आमच्या वर्गात पोरी जास्त, त्यातल्या बऱ्याच जणींना पोहायला येत नाही आणि पुरुषांच्या बॅचमध्ये टँकवर जायला घरून पण परवानगी नसते. पेशंट म्हणून येणाऱ्या खानापूर, उचगाव, येळ्ळूरकडच्या बायका, आयुष्य भाताच्या शेतात वाकून गेलेलं, त्यांना कोण स्विमिंग कॉस्च्युम घालायला लावणार? साडी घालून उतरवणं तर धोक्याचंच, पायात गुरफटते. लेगिंग आणि अंगाबरोबरचा टी-शर्ट चालतो, पण वेळ फक्त बायकांची आणि लाईफगार्ड पण बाई हवी. एवढं केलं की मावशी येतात, आणि एकदा आल्या की बाहेर निघायला तयार नसतात, "सोडू नको हं मला" म्हणत म्हणतच दोन फेऱ्या जास्त मारतात.

काही सहकारी म्हणतात आता पोरांना पोहायला पण आम्हीच शिकवायचं काय? पेशंटला पोहता यायची गरज नाहीच, पण त्याला धरणाऱ्याला पाण्याची भीती असेल तर ती त्याच्या बोटांतून पेशंटपर्यंत पोचते. निदान तोंड पाण्यात घालून श्वास सोडणं, पडल्यावर परत उभं राहणं आणि गुदमरलेल्या माणसाला काठाला आणणं, एवढं प्रत्येकाकडून करून घ्यावं आणि त्याला मार्क ठेवावेत, मार्क ठेवल्याशिवाय आपल्याकडं कोण काय करतंय!

महापालिका आणि टँक चालवणाऱ्या संस्थांना विनंती आहे की येत्या सुट्टीत आठवड्यातल्या दोन दुपारी, त्यातली एक फक्त मुलींसाठी, फिजिओथेरपीच्या विद्यार्थ्यांना द्याव्यात. उथळ बाजूला चार फुटांच्या आत पाणी, धरायला रेलिंग आणि शिडीऐवजी पायऱ्या असलेला टँक निपाणी, खानापूर, चिकोडी कुठंही असला तरी पोरांना घेऊन यायची आमची तयारी आहे. कुणाच्या माहितीत असला तर ह्याच सदरात कळवावं.

आपला,
एक फिजिओथेरपी शिक्षक
टिळकवाडी, बेळगाव