ओपन किचन केले. धुराच्या अलार्मचे काय?

संपादक महोदय,

स.न.वि.वि.

मुंबई, ठाणे, पुण्यातील सदनिकांमध्ये दिवाणखाना आणि स्वयंपाकघर यांच्यामधली भिंत काढून 'ओपन किचन' करण्याची पद्धत आता चांगलीच रुळली आहे. नव्या इमारतींत तर ती भिंत अनेकदा मुळातच नसते. मोकळी जागा, उजेड, स्वयंपाक करणाऱ्याला घरच्यांशी बोलता येणे, हे फायदे खरे आहेत आणि त्यांना माझा आक्षेप नाही. मात्र धुराला काही मिनिटे अडवून धरणारा अडसर त्या भिंतीबरोबरच जातो. शिवाय बहुतेक सदनिकांत झोपण्याच्या खोल्यांतून मुख्य दरवाजाकडे येण्याची एकमेव वाट याच दिवाणखान्यातून असल्याने, रात्री ओट्याजवळ किंवा फ्रीजमागे काही पेटले तर बाहेर पडणाऱ्यांना नेमके त्याच धुरातून जावे लागते. अशा घरात इशारा लवकर मिळण्यावरच पुष्कळसे अवलंबून असते, आणि तरीही अलार्मची निवड सजावटीच्या खर्चातून उरलेल्या पैशांवर सोडली जाते.

सर्वसाधारणपणे घडते ते असे. ऑनलाइन एखादा स्वस्त स्मोक अलार्म मागवला जातो, जिथे स्क्रू बसेल तिथे तो ठोकला जातो, आणि लसूण-मिरचीच्या पहिल्याच फोडणीला तो घर डोक्यावर घेतो. संध्याकाळच्या धूपालाही तेच. दोन-चार वेळा असे झाले की त्याची बॅटरी काढून ती टीव्हीच्या रिमोटला लावली जाते. यात उपकरणाचा दोष फारसा नसतो; चुकीच्या जागी चुकीचा प्रकार बसवलेला असतो.

धूर ओळखणाऱ्या अलार्मचे मुख्यतः दोन प्रकार आहेत. आयनीकरणावर चालणाऱ्या प्रकारात अमेरिशियम-२४१ या किरणोत्सारी द्रव्याचा सूक्ष्म अंश असतो. भडकून पेटणाऱ्या आगीतले बारीक कण तो लवकर टिपतो, पण त्याच कारणाने तापलेल्या तेलाचा धूरही त्याला आगीसारखाच वाटतो. फोटोइलेक्ट्रिक प्रकारात धुरामुळे विखुरलेला प्रकाश मोजला जातो, त्यामुळे गादी, सोफा किंवा वायरचे आवरण धुमसत असेल तर तो आधी जागा होतो. तो वाफेला फसतो, हे खरे. तरीही ओपन किचन असलेल्या घरातील दिवाणखान्यासाठी हाच प्रकार योग्य, असे माझे मत आहे. ओट्याच्या बाजूला मात्र धुराचा नव्हे, तर उष्णतेचा अलार्म हवा. तो साधारणतः ५८ अंश सेल्सिअसच्या आसपास, आणि काही प्रकारांत तापमान झपाट्याने वाढू लागल्यावर वाजतो. फोडणीची त्याला फिकीर नसते. पण धुमसणारा सोफा त्याला फार उशिरा कळेल, म्हणून त्या एकट्यावर भिस्त ठेवणे धोक्याचे आहे.

जागेच्या बाबतीत आपल्या घरांचा एक विशेष लक्षात घ्यायला हवा. विटांची भिंत पाडली तरी तिच्यावरचा काँक्रीटचा बीम जागच्या जागीच राहतो. गरम धूर वर चढून आधी बीमच्या अलीकडे, म्हणजे स्वयंपाकघराच्या बाजूला, साठतो आणि बीमच्या खोलीइतका थर भरल्यावरच दिवाणखान्याकडे वाहू लागतो. म्हणून छत वरून एकसंध दिसत असले तरी अलार्मच्या दृष्टीने ते दोन कप्पे समजावेत. ओट्याकडच्या कप्प्यात, पण शेगडीच्या थेट माथ्यावर नव्हे, उष्णतेचा अलार्म, आणि दिवाणखान्यात झोपण्याच्या खोल्यांकडच्या बाजूला, शेगडीपासून किमान तीन मीटर दूर, धुराचा. छताच्या पंख्याजवळ किंवा एसीच्या झोतात तो लावू नये, कारण तिथली हवा धूर त्याच्यापर्यंत पोहोचूच देत नाही.

हे सर्व अलार्म परस्परांशी जोडलेले असावेत. दार बंद करून, एसी लावून झोपलेल्याला हॉलमधला आवाज ऐकू येईलच असे नाही. एक अलार्म वाजताच खोलीतलाही वाजला पाहिजे. स्कॉटलंडमध्ये फेब्रुवारी २०२२ पासून घराघरांतील अलार्म असे जोडलेले असणे, आणि स्वयंपाकघरात उष्णतेचा अलार्म असणे, नियमानेच आवश्यक आहे. गॅसगळतीचा अलार्म ही वेगळी वस्तू आहे, हेही जाता जाता नमूद करतो: सिलिंडरचा एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने त्याचा अलार्म जमिनीलगत लावायचा, तर पाइपमधून येणारा नैसर्गिक वायू हलका असल्याने त्यासाठी छतालगत.

आता मूळ मुद्दा. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार इमारतीतील अग्निसुरक्षा यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र दर जानेवारी आणि जुलैमध्ये द्यावे लागते. प्रत्यक्षात ही तपासणी पंप, जिन्यातले नळ आणि लॉबी यांच्यापुढे क्वचितच जाते. सदनिकेच्या आत फॉल्स सीलिंग करताना ठेकेदाराने स्प्रिंकलर, म्हणजे आगीच्या वेळी पाणी फवारणारा छताचा नळ, वर झाकून टाकला काय किंवा रंगकामाच्या वेळी डिटेक्टरला घातलेली प्लॅस्टिकची टोपी तशीच राहिली काय, कोणाला पत्ता नसतो. गृहनिर्माण संस्था मात्र नूतनीकरणासाठी ना-हरकत पत्र देताना अनामत रक्कम, डेब्रिज, लिफ्टचा वापर आणि कामाच्या वेळा यांच्या अटी न चुकता घालतात. त्याच पत्रात आणखी एक अट घालता येईल: स्वयंपाकघराची भिंत काढणाऱ्या सभासदाने वर सांगितल्याप्रमाणे जोडलेले अलार्म बसवावेत, स्प्रिंकलर व डिटेक्टर उघडे ठेवावेत आणि काम संपल्यावर ते समितीला दाखवावेत. महापालिकांच्या अग्निशमन दलांनी यासाठी सोप्या मराठीत, आकृत्यांसह एक पानी सूचनापत्र काढून ते गृहनिर्माण संस्थांकडे पाठवावे, अशी आपल्या दैनिकामार्फत विनंती आहे.

आपला विश्वासू,
एक वाचक, ठाणे